तीन वह्यांचे काका

दिल्लीतल्या मराठी माणसांची कितीतरी लग्नं काकांनी जमवली, पण त्यांतल्या एकाही लग्नात ते जेवायला गेले नाहीत. पत्रिका यायच्या, आग्रहाचे फोन यायचे, कोणी गाडी पाठवतो म्हणायचं. काका फोनवर "बिल्कुल, बिल्कुल" म्हणायचे आणि त्या संध्याकाळी घरी पिठलं-भात खाऊन झोपायचे. मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "मी मांडवात दिसलो की लोकांना कळतं, हे लग्न आपल्या केंद्रातून जमलंय. मग कोणीतरी कुजबुजतं, का बरं, वय वाढलं होतं का मुलीचं? तेवढ्यासाठी मी श्रीखंड सोडलंय."

पहाडगंजमध्ये एका गल्लीत आमच्या मराठी मंडळाच्या दोन खोल्या होत्या. खाली चादरी-टॉवेलांचं होलसेल दुकान, समोर हॉटेलांच्या पाट्यांची गर्दी. आतल्या खोलीत वधूवर सूचक केंद्र चालायचं, आणि केंद्र म्हणजे एकटे काका. सगळी नोकरी एका मंत्रालयाच्या गोपनीय शाखेत काढून ते निवृत्त झाले होते. दुसऱ्यांच्या लग्नांच्या एवढ्या खटपटी करणाऱ्या या माणसाने स्वतः लग्न केलेलं नव्हतं. मी परभणीहून यूपीएससीसाठी आलेला. दोन प्रयत्न वाया गेले होते, तिसऱ्याची तयारी सकाळी अभ्यासिकेत चालायची आणि दुपारी मी काकांच्या हाताखाली पत्रं लिहायचो, फोन घ्यायचो.

केंद्रात कोणाचंही नाव घ्यायचं नाही, हा पहिला नियम. इथे माणूस म्हणजे नंबर. "बाराचे वडील येऊन गेले," "एकोणनव्वदला कळव, पत्रिका जुळत नाही म्हणतात," असं आमचं बोलणं चालायचं. पेढ्यांचा पुडा आला की काका आधी त्यावरची नावाची चिठ्ठी सोलून काढायचे, मग पेढा खायचे. कागद लिहायचा तो टेबलावरच्या काचेवर, खाली दुसरा कागद नको, कारण खालच्या कागदावर ठसा उठतो आणि तो वाचता येतो. झेरॉक्सला ते स्वतः जायचे. शेवटची प्रत निघाली की दुकानदाराला सांगायचे, "भैया, अब एक कोरा निकालो." मशिनच्या पोटात काही राहिलं असेल तर ते आपल्याच कागदावर यावं, म्हणून. दुकानदार हसत कोरा कागद द्यायचा आणि काका तोही उजेडाकडे धरून बघायचे.

मला हे सगळं फार विनोदी वाटायचं. अभ्यासिकेत मी त्यांची नक्कल करायचो आणि पोरं हसून लोळायची.

काकांच्या तीन वह्या होत्या. पहिली निळी, केंद्राच्या कपाटात. तिच्यात नंबर आणि वर्णन: वय, उंची, शिक्षण, अपेक्षा. ती येणाऱ्या कोणालाही बघायला मिळायची. दुसरीत नंबर आणि त्यापुढे नाव-पत्ता, सगळं मोडीत लिहिलेलं. ती त्यांच्या घरी देवघराच्या खणात असायची. दिल्लीत मोडी वाचणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. काकांना ती वडिलांनी शिकवली होती आणि त्यांनी ती मला शिकवली. "परीक्षेत येणार नाही, पण शीक," म्हणाले होते. तिसरी वही लहान, ती खांद्यावरच्या कापडी पिशवीत, झोपतानाही उशाशी. कोणाचा साखरपुडा मोडला, कोणाला कोणती गोळी रोज घ्यावी लागते, कोण कोणापासून लपून आहे, ते या तिसरीत. समोरच्याला जेवढं सांगणं भाग आहे तेवढंच ते त्यातून सांगायचे, तेही ज्याचं आहे त्याला विचारून.

"या तिन्ही एका टेबलावर कधी आल्या नाहीत," ते म्हणायचे. "चोराला एक मिळाली तर काय मिळालं? नुसत्या उंच्या. नाहीतर नुसती नावं. माणूस कुठल्याच वहीत पुरा नाही."

एकशे सत्तेचाळीस नंबरचे वडील अमरावतीकडून आले होते. मुलगी नोएडात एका हॉस्पिटलमध्ये नर्स, पदरात लहान मुलगी. कोर्टातून घटस्फोट झाला होता, पण नवऱ्याला तो मान्य नव्हता. दोनदा त्याने तिला शोधून काढलं होतं, आणि दुसऱ्या वेळी ती तीन आठवडे हॉस्पिटलात होती, नर्स म्हणून नव्हे. "माझ्यामागे तिला कोणीतरी असावं," एवढंच म्हातारा बोलला. काकांनी तिसरी वही काढून माझ्याकडे पाठ केली आणि लिहिलं.

त्यानंतर काही महिन्यांनी एक गृहस्थ आले. इस्त्रीचा शर्ट, अतिशय मृदू मराठी, हातात मिठाईचा डबा. पानिपतला हातमागाच्या कंपनीत मॅनेजर आहे, धाकट्या भावासाठी मुलगी बघतोय, म्हणाले. "पानिपतात मराठी माणूस म्हटल्यावर लोक अजून सहानुभूती दाखवतात," असा विनोदही केला. मी हसलो. त्यांनी निळी वही चाळली आणि सहज विचारावं तसं विचारलं, "ही एकशे सत्तेचाळीस. हिचा पत्ता मिळेल का?"

"त्यांचं जमलं," काका म्हणाले. "वहीतून काढायचं राहून गेलं. चहा घ्या ना."

गृहस्थांनी चहा घेतला, आभार मानले, मला "अभ्यास चांगला करा" म्हणाले आणि गेले. काकांनी दाराला आतून कडी घातली. कप विसळताना नळाला लागून वाजत होता.

"तोच होता तो," ते म्हणाले.

"कशावरून, काका?"

"बाकीचे वाचतात, अरे. हा वाचत नव्हता. शोधत होता. नर्सिंग आणि उंची, दोनच ठिकाणी बोट थांबलं."

त्या दिवशी त्यांनी निळ्या वहीतलं ते पान काढलं, आणि मला पहिल्यांदा वाटलं की काका दिसतात तेवढे गमतीदार नाहीत. वाटलं, पण ते टिकलं नाही. मी शहाणा होतो ना.

पुढच्या हिवाळ्यात काकांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्यातही मोतीबिंदू पिकत आलेला, त्यामुळे दहा-बारा दिवस त्यांना काहीच वाचता येईना. पत्रव्यवहार खोळंबला. त्यांनी मला घरी बोलावलं, देवघराचा खण उघडला, पिशवीतली वही काढली आणि दोन्ही माझ्या हातात दिल्या. "वाचून दाखव, म्हणजे मी उत्तरं सांगतो," म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्या वह्या दुसऱ्या कोणाच्या हातात गेल्या असतील.

मी वाचून दाखवत होतो आणि फोनवर पानापानाचे फोटो काढत होतो. आवाज बंद करून. ते समोर खुर्चीत बसलेले, डोळ्यावर पांढरी पट्टी, मान किंचित कलती. का केलं मी हे? चांगल्यासाठी केलं, असं मी स्वतःला सांगत आलोय. काकांना दिसेनासं होतंय, उद्या ते गेले तर हे सगळं मोडीत गाडलं जाईल, आपण एक्सेलमध्ये नीट यादी करून त्यांना चकित करू. मी आठवडाभर बसून तिन्ही वह्या एका शीटमध्ये टाइप केल्या. नंबर, नाव, पत्ता, फोन, वर्णन, आणि शेवटच्या कॉलमात तिसरी वही. जे त्यांनी आयुष्यभर तीन जागी ठेवलं ते मी एका ओळीत आणलं, आणि ती ओळ बघून मला अभिमान वाटला.

मग संक्रांत आली. मंडळाच्या महिला शाखेच्या प्रमुख बाई मोठ्या मनाच्या होत्या. त्यांनी ठरवलं की यंदा हळदीकुंकवाला फक्त सवाष्णींना नाही, सगळ्यांना बोलवायचं. घटस्फोटित, विधवा, लग्न न झालेल्या, सगळ्या. मला फोन आला, "अरे, काकांकडे असतील ना अशा मुली? नाव, पत्ता, फोन दे. मी ग्रुपवर टाकते, म्हणजे ज्या बाईच्या जवळ जी राहते तिने तिला स्वतः जाऊन बोलावणं करायचं. मेसेजवरचं बोलावणं काय बोलावणं असतं?"

मला ते फार आवडलं. काकांना विचारायला हवं होतं. ते नाही म्हणाले असते, म्हणूनच विचारलं नाही. मी पुरुषांच्या ओळी फिल्टरने झाकल्या, नाव-पत्ता-फोन सोडून बाकीचे कॉलम लपवले आणि फाइल पाठवून दिली. लपवले म्हणतोय मी. पुसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला. आवाज उतरलेला. "अरे, यात आणखीही काही आहे का? एकजण म्हणतेय, पत्ता नीट दिसेना म्हणून ती कॉलम रुंद करायला गेली तर आतून भलतंच निघालं. कोणाचं आजारपण, कोणाचं काय. मी ग्रुपवरून काढून टाकलंय हं. आता नाहीये तिथे."

दोनशेच्या वर बायका होत्या त्या ग्रुपवर. दिल्लीच्या, फरिदाबादच्या, गुडगावच्या. मी शीट उघडून एकशे सत्तेचाळीसची ओळ बघितली. नाव. नोएडातला सेक्टर, टॉवर, फ्लॅट. हॉस्पिटल. आणि शेवटी काकांचे शब्द, मी मन लावून देवनागरीत उतरवलेले: 'पहिल्या नवऱ्यापासून जिवाला धोका. पत्ता कोणालाही देऊ नये.'

काकांच्या घरी जाऊन मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फोटो काढले तेही. मला वाटलं ते ओरडतील. त्यांनी पट्टी नुकतीच काढली होती, काळा चष्मा होता, त्यामुळे डोळे दिसत नव्हते.

"कधी गेलं?" त्यांनी विचारलं.

"काल दुपारी. पण आता ग्रुपवरून काढलंय, काका."

"ग्रुपवरून काढलंय. आणि फोनांमधून?" मग म्हणाले, "पानिपतच्या किती आहेत त्यात?"

मी बाईंना विचारलं. तीन होत्या.

"चल," ते म्हणाले. "आधी तिला सांगायचं."

बाहेर धुकं होतं आणि दुपारचे चार वाजलेत असं वाटत नव्हतं. तिचा फोन बंद होता, ड्यूटीवर असेल म्हणून आम्ही मेट्रो पकडली. डॉक्टरांनी धुळीत जाऊ नका, दर दोन तासांनी थेंब घाला, असं बजावलं होतं. यमुनेच्या पुलावर मी त्यांच्या डोळ्यात थेंब घातले. अर्धे गालावरच गेले.

"काय सांगणार आहेस?" त्यांनी विचारलं.

"माफी मागीन."

"माफी शेवटी. आधी काय गेलं ते सांगायचं. मग कोणाकडे गेलं. मग कधी. तिला तेवढं लागणार आहे. तुझी माफी तिला काय कामाची?" आणि मग माझ्याकडून ते दोनदा म्हणवून घेतलं, पाढे म्हणवून घ्यावेत तसं. शेजारचा माणूस आमच्याकडे बघत होता. मला प्रत्येक बघणारा माणूस पानिपतचा वाटत होता.

तिने साखळी लावूनच दार उघडलं. काकांना ओळखलं आणि तिचा चेहरा बदलला, कारण काका कधीच कोणाच्या घरी जात नसत. आम्ही आत गेलो. मी उभ्याने बोललो, शिकवलं तसं. तिने रडारड केली नाही. ड्यूटीवरची नर्स विचारेल तसे दोनच प्रश्न विचारले.

"हॉस्पिटलचं नाव होतं?"

"होतं."

"मुलीच्या शाळेचं?"

"नाही. ते काकांनी लिहिलंच नव्हतं."

तिने स्वयंपाकघरात जाऊन गॅस बंद केला. कुकरची शिट्टी व्हायची होती. मग दाराआडून एक बॅग ओढली. बॅग भरलेलीच होती, वर स्वेटरसुद्धा ठेवलेले. अशी बॅग तयार ठेव, असं काकांनीच तिला पूर्वी सांगितलं होतं, हे मला नंतर कळलं. सहा-सात वर्षांची मुलगी जमिनीवर पुठ्ठ्याचे पंख रंगवत बसली होती. तिने आईकडे पाहिलं, बॅगेकडे पाहिलं.

"मम्मा, पण उद्या तर माझं फंक्शन आहे ना," ती म्हणाली. "मैं तो परी हूँ."

"चप्पल घाल," आई म्हणाली.

मी तेव्हा माफी मागितली. तिने माझ्याकडे पाहिलं, नीट, चेहरा पाठ करत असल्यासारखं. पंख तसेच राहिले, एक निळा झालेला, एक पांढरा.

खाली टॅक्सी आली. ती पुढे काय करणार, कुठे जाणार, काकांनी विचारलं नाही. गाडी सुरू व्हायच्या आत त्यांनी माझा खांदा धरून मला कुंपणाच्या भिंतीकडे वळवलं आणि स्वतःही वळले. आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे होतो, शिक्षा झालेल्या पोरांसारखे. गार्ड हसायला लागला.

"काका, हे काय?"

"गाडीचा नंबर दिसला तर लक्षात राहील. कोणत्या बाजूला वळली तेही. आपल्याला ठाऊक असलं की ते कधीतरी बाहेर जातं." मग हळू आवाजात म्हणाले, "मला फार भीती वाटते रे. नोकरीत असल्यापासून वाटते. लोकांना वाटतं मी चक्रम आहे."

मी भिंतीवरचं पोपडे आलेलं प्लॅस्टर बघत राहिलो.

काका तेवढ्यावर थांबले नाहीत. त्या यादीतल्या प्रत्येक घरी आम्ही गेलो, पुरुषांच्या ओळीही आत होत्याच म्हणून त्यांच्याकडेही. ऐंशीच्या वर घरं, द्वारकेपासून फरिदाबादपर्यंत, होळीपर्यंत. प्रत्येक दारात मी तेच म्हणायचो: काय गेलं, कोणाकडे, कधी, आणि शेवटी माफी. कोणी हसून चहा दिला. एका मुलीच्या आईने काकांच्या तोंडावर दार आपटलं, कारण मुलीच्या आजाराबद्दल सासरी अजून सांगायचं होतं. धुळीने काकांच्या ऑपरेशन झालेल्या डोळ्यात जंतुसंसर्ग झाला आणि तो डोळा पुन्हा कधी नीट झाला नाही. ते मला एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्याच सुमारास एका दुपारी ते पानिपतचे गृहस्थ पुन्हा आले. तोच इस्त्रीचा शर्ट, तोच मृदू आवाज. काकांनी निळी वही पुढे केली. त्यांनी ती उघडली नाही. चहा घेतला.

"यंदाचं हळदीकुंकू छान झालं म्हणे," ते म्हणाले. "आमच्याकडच्या बायका सांगत होत्या. सगळ्यांना बोलावलंत, अगदी सगळ्यांना. फार चांगली गोष्ट." मग कप बशीत ठेवून माझ्याकडे वळले. "नोएडाला मात्र दार कोणी उघडलं नाही."

ते जिना उतरून गेले. याही वेळी आणलेला मिठाईचा डबा टेबलावर तसाच होता.

काकांनी केंद्र बंद केलं. तिन्ही वह्या त्यांनी एका बादलीत भिजवल्या आणि मला त्यांचा लगदा करायला लावला. एकाच बादलीत. पाणी निळं झालं. "आता कुठे एकत्र आल्या," ते म्हणाले आणि हसले, पण ते हसणं मला बघवलं नाही. पुढच्या वर्षी ते गेले. स्मशानात आम्ही पाचजण होतो, त्यांच्यामुळे संसाराला लागलेलं त्यांत कोणीच नव्हतं. येणार तरी कसं, त्यांनीच कोणाला कळू दिलं नव्हतं.

मी यूपीएससी पास झालो नाही. मी आता नोएडाच्या एका कंपनीत आहे, आणि बाहेर जाणाऱ्या याद्या तपासणं हे माझं काम आहे. लपवलेले कॉलम मी शोधून काढतो. प्रिंट झाली की एक कोरा कागद काढतो. ऑफिसातली मुलं माझी नक्कल करतात, ते मला माहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात मी मेट्रोने घरी येत होतो. डब्यात गर्दी होती. समोरच्या दाराजवळ एक बाई उभी होती, शेजारी तिच्या खांद्याएवढी उंच मुलगी. मी ओळखलं. जिवंत आहेत, दोघी जिवंत आहेत, एवढंच मनात आलं. तिचं नाव माझ्या ओठांपर्यंत आलं होतं.

तेवढ्यात तिने वर पाहिलं. तिने माझा चेहरा खरोखरच पाठ केलेला होता. तिचा रंग उतरला. एक हात मुलीच्या दंडावर गेला, आणि मुलगी काही न विचारता दाराकडे सरकली. आता तिलाही विचारायची गरज उरली नव्हती. त्या सबंध डब्यात तिचं खरं नाव माहीत असलेला माणूस मी एकटाच होतो, आणि ती माझ्यापासून पळत होती.

गाडी थांबली. दारं उघडली. मी वळलो आणि माझ्या मागच्या बंद दाराच्या काचेला कपाळ टेकवून, तिकडे पाठ करून उभा राहिलो, दारं मिटल्याचा आवाज येईपर्यंत. स्टेशनचं नाव मात्र कानावर पडलंच. ते कोणतं होतं, हे मी आजवर कोणाला सांगितलेलं नाही.